सायकलच्या गॉगलची काच उन्हाकडे नव्हे, सावलीकडे बघून निवडा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पहाटे अंधार असतानाच निघता आणि साडेदहा-अकरापर्यंत सायकल चालवता. वाटेत मोकळा रस्ता आहे, दाट झाडीचा पट्टा आहे आणि त्या झाडीतच एक लांब उतार आहे. गॉगल एकच, आरशासारख्या चकचकीत काळ्या काचेचा. पहाटे तो खिशात ठेवावा लागतो, मग वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, चिलटं जातात. ऊन चढल्यावर घातला की मोकळ्यावर बरं वाटतं, पण झाडीत शिरलं की खड्डा अगदी चाकाशी आल्यावर दिसतो. कोणी फोटोक्रोमिक (उन्हात आपोआप गडद होणारी) काच सुचवली, कोणी पोलराइज्ड (पाण्यावरचा, ओल्या रस्त्यावरचा झगमगाट गाळणारी), कोणी तीन काचांचा संच. डोळ्यांना नंबर आहे, सायकलवर कॉन्टॅक्ट लेन्स लावता. एकदाच खर्च करायचा तर कशावर करू, हा तुमचा प्रश्न.

मी २२ वर्षं चष्म्यांचं काम करतोय आणि सायकल त्याच्याही आधीपासून चालवतोय. उत्तर आधी सांगून टाकतो. फोटोक्रोमिक काच घ्या. पहाटे ती जवळजवळ पारदर्शक असावी, उन्हात तपकिरी व्हावी आणि पूर्ण गडद झाली तरी २० टक्के तरी प्रकाश आत येऊ द्यावा. पोलराइज्ड नको, आरसा नको. पण कारणं समजून घेतलीत तर पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (आपण सगळे ‘काच’ म्हणतो म्हणून मीही म्हणतोय. सायकलच्या गॉगलला खरी काच कधीही नसावी. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स हे मजबूत प्लास्टिकच असावं, कारण पडल्यावर त्याचे तुकडे होऊन डोळ्यात जात नाहीत.)

गॉगल घेताना जवळजवळ प्रत्येक माणूस तो डोळ्यांवर चढवतो, दाराशी येतो आणि वर उन्हाकडे बघतो. डोळ्यांना थंड वाटलं की काच पसंत. पण सायकलवर उन्हात दिसत नाही अशी तक्रार क्वचितच असते. जास्त प्रकाशाशी झगडायला डोळ्याकडे बरीच साधनं आहेत. बाहुली आकसते, पापण्या मिटत येतात, भुवया खाली येतात, हेल्मेटच्या कडेची सावली असते. कमी प्रकाशाशी झगडायला मात्र त्याच्याकडे वेळ हा एकच उपाय आहे, आणि सायकलवर नेमका तोच नसतो. बाहुली आकसते क्षणात, पण पूर्ण उघडायला काही सेकंद घेते, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींना अंधाराची खरी सवय व्हायला तर कित्येक मिनिटं लागतात. उतारावर ताशी ३६ किलोमीटरने जाणारा माणूस सेकंदाला १० मीटर पुढे सरकतो. डोळा सावरेपर्यंत तीन सेकंद गेले तर ३० मीटर रस्ता त्याने अंदाजाने कापलेला असतो.

हे मी अंगावर घेऊन शिकलो. १४ वर्षांपूर्वी झाडीतल्या उतारावर, पावसाने वाहून आलेली बारीक खडी वळणाच्या आतल्या बाजूला पसरली होती. वरून कवडसे पडत होते आणि त्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत खडी मिसळून गेली होती. माझ्या डोळ्यांवर जेमतेम १० टक्के प्रकाश सोडणारी काच होती, कारण त्या दिवशी ऊन कडक होतं. कॉलरबोन मोडलं. नंतर ती काच उतरवून त्याच जागी, त्याच वेळी उभा राहिलो, तेव्हा खडी २५ मीटरवरून स्वच्छ दिसत होती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्या वाटेवरची सगळ्यांत अंधारी जागा कोणती आणि तिथे तुमचा वेग किती असतो. काच त्या जागेसाठी घ्यायची. उन्हाचं आपोआप जमतं.

आता आकडे बघू, म्हणजे हे नुसतं मत राहणार नाही. डोक्यावरच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पडतो. ढगाळ दिवशी तो १० हजारांच्या आसपास येतो आणि गडद मळभ असेल तर एक-दोन हजारांपर्यंत उतरतो. दाट झाडीखालची सावलीही दोनेक हजारांचीच धरा. सूर्य नुकताच मावळताना काहीशे लक्स उरतात, तिन्हीसांजा पुऱ्या झाल्या की दहाच्या आसपास, आणि पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. म्हणजे तुमच्या एका फेरीत प्रकाश हजारो पटींनी बदलतो. माणसाला ते एवढं जाणवत नाही, कारण डोळा पटींनी मोजतो. प्रकाश निम्मा झाला की त्याला ती एक पायरी वाटते. कॅमेरा हाताळणारे ‘एक स्टॉप’ म्हणतात तीच ही पायरी.

काचेतून दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के आत येतो, याला व्हीएलटी म्हणतात. ५० टक्क्यांची काच एक पायरी खाली आणते, २५ टक्क्यांची दोन, साडेबारा टक्क्यांची तीन. आता तुमचा रस्ता घ्या. १२ टक्क्यांच्या काचेमागे उन्हातला १ लाखाचा प्रकाश १२ हजार होतो, आणि ते डोळ्याला सुखद वाटतं. पण झाडीतले २ हजार होतात २४०, म्हणजे ऑफिसच्या टेबलावर असतो त्याहूनही कमी. तेही डोळा १२ हजारांना सरावलेला असताना, अचानक. २५ टक्क्यांची काच घेतलीत तर झाडीत ५०० मिळतात, दुपटीहून जास्त. उन्हात २५ हजार मिळतात, ते थोडे जास्त वाटतील, पण त्यात खड्डा हरवत नाही.

गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला शून्य ते चारपैकी एक आकडा छापलेला असतो. कधी त्याच्याआधी ‘कॅट’ किंवा ‘एस’ असतं. आंतरराष्ट्रीय मानकातले हे वर्ग आहेत. शून्य म्हणजे ८० ते १०० टक्के प्रकाश आत, एक म्हणजे ४३ ते ८०, दोन म्हणजे १८ ते ४३, तीन म्हणजे ८ ते १८, आणि चार म्हणजे ३ ते ८. चार क्रमांकाची काच हिमनद्यांवर आणि उंच बर्फात वापरायची असते, रस्त्यावर वाहन चालवताना ती घालायची नाही असं मानकच सांगतं. उलट्या टोकाला, ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी कुठलीही काच संधिप्रकाशात आणि रात्री वाहन चालवायला योग्य धरत नाहीत. तुमचा काळा गॉगल पहाटे खिशात ठेवता ते म्हणूनच बरोबर आहे.

मात्र क्रमांकावर थांबू नका, खरा टक्का विचारा. १७ टक्क्यांची काचही ‘तीन’ आणि ९ टक्क्यांचीही ‘तीन’, पण पहिलीतून जवळजवळ दुप्पट प्रकाश येतो. चांगले निर्माते प्रत्येक काचेचा टक्का देतात. जो देत नाही त्याच्याकडून सायकलसाठी काच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयाचाही विचार करा. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत ती बरीच कमी उघडते, आणि डोळ्यातलं नैसर्गिक भिंगही पिवळसर होत जातं. साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणजे दीडेक पायरीची काच निसर्गानेच बसवलेली असते. पन्नाशी ओलांडलेल्या सायकलस्वाराने तरुण जोडीदाराच्या सल्ल्याने काच घेतली तर ती हमखास गडद निघते. त्यांना मी नेहमी एक पायरी फिकी देतो.

आता रंग. रंग आणि गडदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात त्यांचीच सगळ्यांत जास्त सरमिसळ होते. करडी काच सगळ्या रंगांना सारखीच झाकते, त्यामुळे जग जसं आहे तसंच दिसतं, फक्त मंद. मोकळ्या रस्त्यावर, एकसारख्या उन्हात, तासन् तास चालवणाऱ्याला ती शांत वाटते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कमी कळतो त्यांनी करडीच घ्यावी, रंगीत काच सिग्नल ओळखणं त्यांना आणखी अवघड करू शकते.

तपकिरी, तांबूस, गुलाबीसर काचा निळा प्रकाश जास्त अडवतात. याचा उपयोग खरा आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. हवेतल्या सूक्ष्म कणांवरून निळा प्रकाश सगळ्यांत जास्त विखुरतो, म्हणून दूरचं दृश्य धुरकट दिसतं. तो वगळला की कडा उठून येतात. दुसरं कारण डोळ्यातलंच आहे. आपलं भिंग सगळे रंग एकाच जागी आणत नाही, निळा पडद्याच्या जरा पुढेच एकवटतो आणि पडद्यावर धूसर पडतो. तो कमी झाला की डांबरावरची भेग, मातीतला दगड, ओल्या-कोरड्याची सीमा जास्त ठळक होते. झाडीतल्या कवडशांसाठी तपकिरी किंवा गुलाबीसर काच, २५ ते ३५ टक्क्यांची, याला माझ्या अनुभवात तोड नाही. मातीच्या पायवाटांवर सायकल चालवणारे तर आणखी फिकी, ३५ ते ५० टक्क्यांची घेतात. वेग कमी असला तरी त्यांना प्रत्येक मुळाचा उंचवटा दिसावा लागतो. ओकली कंपनीच्या प्रिझमसारख्या काचा याच्याही पुढे जातात. त्या काही ठरावीक तरंगलांबींचे पट्टे कमी करतात आणि काही तसेच सोडतात, त्यामुळे त्याच गडदपणात रंग वेगळे सुटून दिसतात. अशी काच एकदा घालून बघण्यासारखी असते. पण गडदपणा चुकला असेल तर हे रंगकाम तुम्हाला वाचवणार नाही, हेही तितकंच खरं.

पिवळ्या काचेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिच्याबद्दल गैरसमज धोकादायक आहेत. पिवळी काच घातली की जग उजळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कुठलीही काच प्रकाश वाढवू शकत नाही, पिवळीही थोडा खातेच. ती फक्त निळा काढून टाकते आणि आपल्याला उन्हाचा भास होतो. ढगाळ सकाळी, मळभ असताना, करड्या आभाळाखाली करडा रस्ता असा सगळा एकच रंग झालेला असतो तेव्हा हा भास खरोखर कामाचा आहे, कारण त्यात उंच-सखल कळतं. पण धुक्यात ती उपयोगी पडते ही समजूत चुकीची आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग सारखेच विखुरतात, तिथे निळा काढून काही हाती लागत नाही. धुक्यात पारदर्शक काच, आणि वेग कमी.

आणि रात्री तर पिवळी नकोच. अंधार पडू लागला की आपली नजर एका प्रकारच्या पेशींकडून दुसऱ्यांकडे सरकते. दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यांत संवेदनशील असतो, अंधारात तो ५०७ च्या आसपासच्या निळसर-हिरव्याकडे झुकतो. म्हणून तिन्हीसांजेला लाल फूल काळं पडतं आणि निळं उजळ दिसतं. यालाच पुर्किन्ये परिणाम म्हणतात, ते नाव १९व्या शतकात याचं वर्णन करणाऱ्या चेक शास्त्रज्ञावरून आलंय. म्हणजे ज्या बाजूच्या प्रकाशावर डोळा अवलंबून राहू लागतो, नेमकी तीच बाजू पिवळी काच कापते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्रीच्या वाहनचालनाचा सिम्युलेटरवर प्रयोग केला होता. पिवळ्या काचांनी पादचारी लवकर दिसले नाहीत, समोरून दिव्यांचा झोत असतानाही नाहीत. रात्री आणि झुंजूमुंजू होण्याआधी फक्त पारदर्शक काच घालावी. तीसुद्धा परावर्तनरोधक लेप असलेली मिळाली तर उत्तम, कारण साध्या पॉलिकार्बोनेटच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे १० टक्के प्रकाश परत फिरतो आणि मागून येणाऱ्या दिव्यांची भुतं आतल्या बाजूला नाचतात.

आता फोटोक्रोमिक. ती मी तुम्हाला सुचवतोय, पण तिचे दोष सांगून. या काचेत असे रेणू असतात की अतिनील किरण पडले की त्यांचा आकार बदलतो आणि ते प्रकाश शोषू लागतात. किरण थांबले की ते हळूहळू मूळ रूपात येतात. गडद होणं लवकर घडतं, अर्ध्या-एक मिनिटात बराचसा बदल दिसतो. फिकं होणं सावकाश, त्याला कित्येक मिनिटं लागतात. म्हणून बोगद्यात किंवा अचानक झाडीत शिरताना फोटोक्रोमिक काचेकडून काहीही अपेक्षा ठेवू नका. ताशी ३६च्या वेगाने एका मिनिटात तुम्ही ६०० मीटर जाता. काच फिकी होऊ लागेपर्यंत बोगदा संपलेला असतो आणि तुम्ही पुन्हा उन्हात आलेले असता.

मग ती तुम्हाला का सुचवतोय? कारण तुमच्या फेरीत प्रकाशाचे दोन वेगवेगळे बदल आहेत. पहाटेपासून अकरापर्यंतचा बदल प्रचंड आहे, पण संथ आहे. पाच तासांत तो घडतो आणि फोटोक्रोमिक काच त्याच्याबरोबर निवांत चालते. थांबून काच बदलायची गरज नाही, सुटी काच बोटांनी माखायची नाही, पाठीच्या खिशात चरे पडायचे नाहीत. ऊन-झाडी-ऊन हा दुसरा बदल लहान आहे, पण तडकाफडकी आहे. तो कुठलीच काच बदलून हाताळता येत नाही, तो हाताळायचा गडदपणाची मर्यादा सांभाळून. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की पूर्ण गडद झाल्यावरही २० टक्के तरी उरले पाहिजेत. वेष्टनावर दोन आकडे दिलेले असतात, फिका आणि गडद. ८० ते २० किंवा ७५ ते २५ अशी जोडी तुम्हाला योग्य. ४० ते ९ अशी जोडीही मिळते. ती उघड्या माळावर दिवसभर फिरणाऱ्यासाठी चांगली, तुमच्यासाठी दोन्ही टोकांना चुकीची.

तापमानाची गोष्ट फार थोडे जण सांगतात. हे रेणू उष्णतेने लवकर मूळ रूपात परततात. त्यामुळे थंडीत काच जास्त काळी होते आणि फिकी व्हायला फार वेळ घेते, तर कडक उन्हाळ्यात ती पूर्ण काळी होतच नाही. मानकातली मूळ चाचणी २३ अंश सेल्सियसला होते. ३५ अंशांत २० टक्क्यांची काच २५-३० वरच थांबली तर ती बिघडलेली नाही, आणि झाडीच्या उताराचा विचार करता तुमच्या पथ्यावरच पडेल. थंडीच्या दिवसांत मात्र उतार सुरू होण्याआधी एक नजर सावलीत टाकून काच किती गडद झालीय ते बघत चला. आणखी एक, हे रेणू थकतात. दोन-तीन वर्षं रोज वापरलेली काच पूर्वीइतकी गडद होत नाही आणि पूर्वीइतकी स्वच्छही होत नाही. नवी काच बदलून मिळेल अशीच चौकट घ्या.

पोलराइज्डला मी नाही का म्हटलं? पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परतणारा झगमगाट बहुतांशी एकाच दिशेत कंप पावतो आणि पोलराइज्ड काच तो गाळते. तळ्याकाठी, समुद्राकाठी लांब सपाट रस्ता असेल तर हे मोठं सुख आहे. शिवाय गाडीच्या पुढच्या काचेवरची चमक कमी झाल्याने आत बसलेला चालक दिसतो, हा फायदा मी कमी लेखत नाही. पण सायकलस्वाराला तो झगमगाट माहितीही देतो. ओला पट्टा, सांडलेलं डिझेल, गुळगुळीत झालेलं डांबर, थंड प्रदेशातला पातळ बर्फ हे सगळं आपण चमकेवरूनच ओळखतो. दोन चाकांवर ती खूण पुसून टाकणं मला पटत नाही. दुसरं म्हणजे पोलराइज्ड काच निम्म्याहून जास्त प्रकाश मुळातच अडवते, त्यामुळे खऱ्या अर्थाने फिकी पोलराइज्ड काच होऊच शकत नाही. आणि हँडलवरचा सायकल-कॉम्प्युटर किंवा फोन तिच्यातून एखाद्या कोनात काळाठिक्कर दिसू शकतो. कोणाला घ्यायचीच असेल तर आपलं यंत्र सोबत न्यावं आणि मान दोन्ही बाजूंना कलवून बघावं.

आरशाचा लेप म्हणजे काचेच्या बाहेरच्या बाजूने थोडा प्रकाश परत पाठवणारा थर. त्याने काच आणखी गडद होते आणि चरे लवकर दिसतात. एकूण टक्का योग्य असेल तर असू द्या, त्यासाठी मुद्दाम पैसे घालू नका.

सकाळचा तिरपा सूर्य समोर असतो ती अवस्था वेगळी आहे, आणि तिथे सगळे चुकीचं औषध घेतात. डोळे दिपतात म्हणून आणखी काळी काच. पण काळी काच सूर्यालाही तेवढीच मंद करते आणि सूर्याच्या खालच्या रस्त्यालाही. दोघांमधलं प्रमाण तसंच राहतं, आणि त्रास त्या प्रमाणाचाच असतो. सूर्याचा प्रकाश डोळ्यात आणि काचेत विखुरून सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा ओढतो. इथे काम करते ती हेल्मेटखालची टोपी. तिचं टोक सूर्यापुढे आलं की पडदा जातो आणि रस्ता जसाच्या तसा उजळ राहतो. दुसरी गोष्ट, काचेवरचे बारीक चरे. सावलीत ते दिसतही नाहीत, पण समोरून सूर्य आला की एकेक चरा उजळून निघतो. पहाटेच्या सूर्यात रस्ता दुधाळ दिसत असेल तर गॉगल काढून तळहाताने सूर्य झाकून बघा. फरक पडला तर काच बदलायची वेळ झालीय.

अतिनील किरणांबद्दल एकच गोष्ट पक्की धरा, की काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच पूर्ण पारदर्शकही असू शकते. चांगल्या पॉलिकार्बोनेटमध्ये हे बहुतांशी असतंच. उलट, संरक्षण नसलेली काळी काच बाहुली मोठी करते आणि किरणांना आणखी वाट देते. ढगाळ दिवशीही अतिनील किरण येतात, पातळ ढगांतून तर बहुतेक सगळेच, आणि उंचीवर दर हजार मीटरला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. म्हणून मळभ असलं तरी फिकी काच डोळ्यांवर असू द्या.

तुमच्या नंबराचं म्हणाल तर सायकलसाठी कॉन्टॅक्ट लेन्स चांगल्याच आहेत, फक्त वारा त्यांना कोरडं करतो. त्यामुळे चौकट गालापर्यंत आणि कानशिलापर्यंत वळलेली हवी. बाजूने वारा येतो तिथूनच प्रकाशही शिरतो आणि काचेच्या आतल्या बाजूवर चमकतो. उद्या लेन्स सोडून नंबराची आतली जोडकाच लावायची झाली, तर तिचे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात, प्रकाश घटतो आणि वाफ धरायला जागा मिळते. तेव्हा बाहेरची काच थोडी फिकी घ्यावी.

दुकानात गेल्यावर दोन परीक्षा करा. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराच्या उभ्या चौकटीकडे बघा आणि तो हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. चौकटीची रेघ थरथरली, वाकली, तर ती काच दोन तासांत डोकं दुखवेल. तुमच्या आताच्या गॉगलने डोकं दुखतं का, हे यावरून तपासून घ्या. मग भर उन्हात उभे राहा. अर्धा मिनिट उन्हाने भरलेल्या रस्त्याकडे बघा आणि लगेच नजर एखाद्या उभ्या गाडीच्या खाली, तिच्या सावलीत न्या. तिथले खडे, भेगा, कागदाचा कपटा एका क्षणात दिसायला हवा. काळा चौकोनच दिसला तर काच कितीही थंड वाटू दे, परत ठेवा. फोटोक्रोमिक काच दुकानात फिकी असते, म्हणून ही परीक्षा तिला पाच मिनिटं उन्हात ठेवल्यावरच करायची.

काच घेतल्यावर ती कोरडी पुसू नका. धुळीचे कण म्हणजे सँडपेपर. आधी साध्या पाण्याने धुवा, साबणाचा एक थेंब चालेल, मग मऊ कापड. आतल्या बाजूला वाफरोधक लेप असेल तर ओला असताना तिथे बोटही लावू नका, झटकून वाळू द्या. चढावर वेग कमी झाला की वाफ धरेल, तेव्हा गॉगल नाकावर बोटभर पुढे ओढा. तीच सवय बोगद्यासाठीही लावून घ्या. तोंडाशी पोहोचण्याआधी गॉगल नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि त्याच्या वरून बघायचं. आत शिरल्यावर हात हँडलवरून काढायचा नाही.

बजेट फोटोक्रोमिकला पुरत नसेल तर काच बदलता येणारी एक साधी चौकट घ्या आणि तिच्याबरोबर दोनच काचा. एक पारदर्शक, दुसरी तपकिरी २५ टक्क्यांची. संचातली तिसरी, सगळ्यांत काळी काच तुमच्या रस्त्यावर कधीच बाहेर निघणार नाही. ऊन चढून पहिल्यांदा थांबाल तिथेच काच बदला, उतार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे झाडीत शिरेपर्यंत डोळा नव्या काचेला सरावलेला असेल.